बीड नको

आमच्या तेलगिरणीत बिडी ओढायला बंदी झाली, ती एका लोखंडी चकतीपायी. निपाणीत हे सांगितलं तर माणसं मला येडा समजतात. ज्या गावची हवाच तंबाखूची, जिथं पावण्याला चहाच्या आदी बिडी पुढं करतात, तिथं बिडीबंदी. त्यातनं आमचे मालक स्वतः तंबाखूच्या दोन वखारी बाळगून. हलवायानं दुकानावर 'पेढा खाऊ नये' अशी पाटी लावावी, तसली गत.

पाटी लागली बॉयलरच्या खोलीवर. आत दिवसभर भट्टी पेटलेली, शेंगांची टरफलं फावड्यानं आत टाकायची, ज्वाळा दारातनं बाहेर यायच्या, आन् दाराच्या वर पांढऱ्या रंगानं लिवलेलं, 'बिडी ओढू नये'. जाळ घालणाऱ्या गड्यानं मला ती दोनदा वाचून दाखवायला लावली. मग फावडं भिंतीला टेकवून म्हणला, मालकांना इचार, भट्टी तरी ओढू देणार का तिला बी इझवायची.

मी तवा वीस-एकवीस वर्सांचा. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, म्हणून शिकलेला. गिरणीत माझं काम वाफेचा मोठा व्हॉल्व उघडायचा, बंद करायचा, काट्यावर नजर ठेवायची आन् आमच्या मिस्त्रीच्या हाताखाली पाना चालवायचा. मधल्या वेळात मी नकला करायचो. ते काम नेमणुकीत नव्हतं, पण जीव त्यातच जास्ती हुता.

दोन माणसं माझ्या हुकमी. एक मालक, त्यांना समदे अण्णा म्हणायचे. घरात कानडी, बाजारात मराठी, आन् दोन्हीकडं वाक्याच्या शेवटी 'हौदल्लो?' म्हंजे 'खरं का न्हाय?' इचारायचं, पण उत्तराला थांबायचं न्हाय. दुसरे आमचे मिस्त्री, आप्पा. जन्म आगगाडीच्या कारखान्यात गेलेला, हात लोखंडाचे, आन् नाक कायम तपकिरीनं भरलेलं. बिडीला आयुष्यात तोंड लावलं न्हाय. तपकिरीपायी त्यांचा 'म' चा 'ब' व्हायचा. 'माझं म्हणणं' ते 'बाझं ब्हणणं' करून सांगायचे; हितं मी त्यांचं बोलणं सरळ करून सांगतोय. मी तसं बोलून दाखवलं की शेंगा निवडणाऱ्या बायका सुपं खाली ठेवून हसायच्या. त्या बायकांत माझी आई बी असायची. ती हसायची न्हाय. ती म्हणायची, ह्याला देवानं स्वतःचा आवाज द्यायचा राहिला, म्हणून हा दुसऱ्यांचे चोरतो.

तर चकती. लढाईचे दिवस. आमचा जुना बॉयलर थकलेला, म्हणून अण्णांनी एका बंद पडलेल्या गिरणीतला दुसरा आणला. त्यात एक जास्तीची करामत हुती. जुन्यात पाणी उकळलं की वाफ सरळ नळीनं इंजिनाकडं जायची. ती वाफ ओली. नव्यात तीच वाफ परत एकदा जाळातल्या नळ्यांतनं फिरून यायची, तापून, कोरडी होऊन. काटा दाब दाखवतो, ताप दाखवत न्हाय. काट्यावर शंभर दिसायचे ते शंभरच. पण आप्पा म्हणायचे, जुन्या वाफेनं हात भाजायचा, हिच्यापुढं लाकूड धर, काळं पडंल.

ही वाफ न्यायची नळी शेडच्या भिंतीनं, माणसाच्या डोक्यावरनं जायची. नळी एका तुकड्यात नसती. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाला जाड चकती बसवलेली असती, कडंनं भोकं पाडलेली. तिला फ्लांज म्हणतात. दोन फ्लांज समोरासमोर आणायच्या, मधी पॅकिंग घालायचं, भोकांतनं बोल्ट घालून आवळायचं. नळीचं सगळं इमान ह्या सांध्यात. आन् आमच्या नळीचा मधला सांधा बरोबर जिथं बायका शेंगा निवडत बसायच्या तिथं, त्यांच्या डोक्यावर. तिथं ऊब असायची म्हणून त्या बसायच्या. सगळ्यात मधली, सगळ्यात उबेची जागा माझ्या आईची. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळं ती जागा तिनं भांडून मिळवलेली आन् भांडून राखलेली.

नव्या वाफेला नव्या चकत्या पाहिजेत म्हणून आप्पांनी अण्णांच्या दिवाणजीला यादी सांगितली. दिवाणजी मोडीत लिवायचे. हात इतका पळता, की कागदावरनं लेखणी उचलायची म्हंजे त्यांना पाप वाटायचं. आप्पांनी सांगितलं, वाफेच्या नळीला पोलादाच्या फ्लांज, आन् दुसऱ्या ओळीला म्हणले, बीड नको. बीड म्हंजे ओतलेलं लोखंड, आपला भाकरीचा तवा असतो ते. दिवाणजींनी लिवलं. शेवटच्या 'ड'चं शेपूट नेहमीसारखं वर फेकलं. मोडीत तसं शेपूट म्हंजे वेलांटी बी असू शकती.

अण्णा तंबाखूचा माणूस. त्यांनी ती ओळ वाचली, 'बीडी नको'. नळीजवळ बिडी नको, मिस्त्री म्हणतोय. अण्णांना वाटलं, वाफेच्या नळीतनं कसला तरी वायू येत असंल, ठिणगीनं पेटणारा. काळजीचा माणूस. त्याच दिवशी पाटी रंगवून घेतली. मग बेळगावला जाऊन फ्लांज आणल्या. पहिल्या ओळीत 'पोलाद' हुतं खरं, पण लढाईत पोलादाला सरकारी परवाना लागायचा, परवाना यायला महिने, आन् अंगणात शेंगांची पोती छपराला टेकलेली. दुकानदार म्हणला, पोलाद न्हाय, बिडाच्या हाईत, वर दोनशेचा आकडा हाय. बीड चालणार न्हाय असं कागदावर कुठंच न्हवतं. अण्णांनी बिडाच्या घेतल्या.

पेटी उघडली तवा आप्पांनी एक चकती दोरीला टांगली आन् हातोडीनं वाजवली. पोलाद वाजलं की देवळातल्या घंटेगत 'ठण्ण' करून मागं रेंगाळतं. हिनं 'थद्द' केलं आन् गप्प झाली. आप्पांनी तपकिरीची डबी बंद केली. दिवाणजीकडनं यादी मागवली, ती मला वाचायला लावली. मी मोडी शाळेत शिकलेलो. मी वाचलं 'बीड नको', अण्णांनी वाचलं 'बीडी नको', दिवाणजींनी चष्मा पुसून वाचलं आन् म्हणले दोन्ही वाचता येतंय. मग आम्ही सगळेच दारावरच्या पाटीकडं बघायला लागलो.

मी तवा हसलो. इतकं हसलो की वायसरची पेटी माझ्या हातनं सांडली. आप्पा हसले न्हाईत. ते अण्णांना म्हणले, ह्या परत पाठवा.

"का?" अण्णा म्हणले. "ह्याच्यावर दोनशे लिवलंय. आपला काटा शंभर. दुप्पट झालं, हौदल्लो?"

"ते दोनशे गार पाण्याचं हाय, अण्णा," आप्पा म्हणले. "लोखंडावरचा आकडा गार असतोय. तापलं की आकडा उतरतो."

लोखंडाचा आकडा उतरतो ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. मला वाटायचं छापलं ते छापलं. आप्पांनी मग नीट सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की पोलादाचा आकडा बी उतरतो, पण पायरी पायरीनं. किती तापलं म्हंजे किती दाब सोसंल, ह्याचं कोष्टक असतं. बिडाला बी आकडा हाय, गार पाण्याला दोनशे, जुन्या ओल्या वाफेला कमी, पण ह्या कोरड्या वाफेइतकं तापवलं तर बीड पायऱ्यांनी उतरत न्हाय, माडीवरनं उडी मारतं. पोलाद ताणतं, वाकतं, गळाय लागतं, म्हंजे आधी सांगतं. बीड सांगत न्हाय.

अण्णा काय येडे नव्हते. जुन्या बॉयलरवर बिडाच्याच चकत्या वीस वर्सं हुत्या, एक बी फुटली न्हाय, हे त्यांनी ऐकवलं. आप्पा म्हणले व्हय, पण ती वाफ ओली हुती. अण्णा म्हणले, वाफ ती वाफ. आन् मग त्यांनी तोड काढली. बसवा, पाणी भरा, पंपानं दाब द्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बघू.

बसवल्या. पाणी भरलं. हातपंप मीच मारला, काटा दोनशेवर नेऊन अर्धा तास धरला. सांध्याला थेंब न्हाय. अण्णांनी स्वतःचा पांढरा रुमाल काढून चकतीच्या कडंनं फिरवला आन् सगळ्यांना दाखवला, कोरडा. मग गुळाची ढेप फोडून सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. पाण्याच्या दुप्पट दाबाला पास झालेली चकती शंभराच्या वाफेला का जुमानंल, असं ते बायकांना सुद्धा सांगत फिरले.

आप्पांनी त्यांच्या वाटचा गुळाचा खडा खाल्ला न्हाय. तो नेऊन बॉयलरच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवला. आम्ही बघत राहिलो. खडा आधी घामेजला, मग बसला, मग पसरला. "गार असताना ह्याच्यावर मी उभा राहीन," आप्पा म्हणले. "तुम्ही गार गुळाची परीक्षा घेतली."

"लोखंड म्हंजे गूळ न्हवं, आप्पा," अण्णा म्हणले.

ते बी खरंच हुतं. आप्पांनी तपकिरीची चिमूट ओढली. ते म्हणले, ह्या सांध्यावर वाफ सोडायला मी सांगणार न्हाय. मग बाहेर जाऊन चिंचेखाली बसले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आन् म्हणले, उद्या सकाळी तू उघड. तू शिकलेला हाईस.

घरी मी आईला हे सगळं नकलांसकट सांगितलं. अण्णांचा रुमाल, दिवाणजींचा चष्मा, आप्पांचा गूळ. ती भाकऱ्या थापत हुती. शेवटी मी म्हटलं, उद्यापासनं जागा बदल. दाराकडं बस.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणली, "बिडाचीच हाय न्हवं ती चकती?"

मी म्हटलं व्हय.

तिनं सांगितलं, माझ्या जन्माच्या आदीपासनं तिचा एक बिडाचा तवा हुता, तिच्या आईनं दिलेला. एकदा तापलेल्या तव्यावर चुकून गार पाण्याचा तांब्या कलंडला. तवा ओरडला आन् दोन तुकडे झाला, मधोमध, नारळ फोडल्यागत. त्याच्या आदल्या दिसापर्यंत त्यानं काय तक्रार केली नव्हती. "पंधरा वर्सं त्यानं भाकरी दिली," आई म्हणली, "आन् गेला तो निरोप न घेता."

मग तर दाराकडं बसच, मी म्हटलं.

"मी का उठू? माझे गुडघे तिथं शेकतात. दाराला वारा हाय. मी जागा बदलत न्हाय, तू चकती बदल."

मी समजावलं. तिनं ऐकलं न्हाय. माझ्या नकला तिथं चालल्या न्हाईत, कारण तिची नक्कल मला कधी जमली न्हाय. ती बोलायची ते इतकं साधं असायचं की त्याच्यात धरायला काय सापडायचं न्हाय.

सकाळी बॉयलर पेटलेला. काटा शंभरावर आला. बायका आपल्या जागी बसलेल्या, आई मधी. आप्पा चिंचेखाली. अण्णा टोपी नीट करून व्हॉल्वपाशी उभे, जसं काय पुजाऱ्यानं घंटा वाजवायची वाट बघतायत. मला म्हणले, उघड.

मी व्हॉल्वच्या चाकाची चकली, म्हंजे नट, ढिली केली, खिळा काढला, आन् चाकच उपसून काखेत मारलं. चाक न्हाय म्हंजे दांडा नुसता टोचा. नुसत्या पान्यानं फिरवला तर तो हळूहळू फिरवता यायचा न्हाय. वाफ एकदम सुटली तर नळीतलं पाणी हातोड्यागत आपटतं, हे अण्णांना बी ठाऊक हुतं. जाळवाल्या गड्याकडं त्यांनी बघितलं, तो म्हणला, मी टरफलं टाकणारा, मला त्यातलं कळत न्हाय.

अण्णा मला म्हणले, चाक बसव.

मला बोलायचं हुतं 'मी उघडणार न्हाय'. पण घाबरलं की माझ्या तोंडातनं दुसऱ्याचा आवाज निघतो. निघाला तो अण्णांचाच. मी म्हटलं, "खाली माणसं बसल्यात, मी न्हाय उघडणार, हौदल्लो?"

बायका हसल्या.  अण्णांचा चेहरा लाल, मग पांढरा झाला. ते बायकांना म्हणले, उठा, दुसरीकडं बसा. आईनं सूप हलवायचं थांबवलं न्हाय. ती म्हणली, ही जागा आमची हाय अण्णा, आम्ही चकतीपायी उठायचो न्हाय, बिडीपायी उठवलं न्हाईसा तेच लई झालं. तिच्या शेजारच्या बायका बी हलल्या न्हाईत. त्यांना चकतीचं काय पडलं नव्हतं, जागेचं पडलं हुतं.

आता माझ्यातला नकल्या आवरंना. मी म्हटलं, अण्णा, एवढा भरवसा असंल तर तुम्हीच बसा की आईच्या जागी, मी उघडतो.

मला वाटलं हेच माझं हुकमाचं पान. ह्यावर अण्णा काय बोलणार?  ते कचेरीत गेले, आपली हात असलेली लाकडी खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले, बायकांच्या मधी, आईच्या सुपाला लागून ठेवली. धोतर सावरून बसले. मान वर करून एकदा सांध्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बसलो," ते म्हणले. "आता उघड."

 मी म्हटलेलं ते झालं हुतं. माझ्या शब्दावर तो माणूस येऊन बसला हुता. वर बिडाची चकती, खाली अण्णा, अण्णांच्या शेजारी माझी आई, आन् माझ्या काखेत चाक. ज्या गोष्टीला मी टोमणा समजलो, ती त्यांनी करार समजली. अण्णा तसेच हुते. बाजारात बी शब्द म्हंजे सौदा.

मी चाक घेऊन व्हॉल्वपाशी गेलो. खरंच गेलो. एक पाऊल माझं असं हुतं, की आता बोललोय तर बसव चाक, मालकानं स्वतः मान पुढं केलीया. मग मला तो तवा आठवला न्हाय की गूळ आठवला न्हाय. मला अण्णांच्या कानामागचा घाम दिसला. चकतीत काय धोका हाय ते त्यांना ठाऊक न्हवतं. आप्पांना ठाऊक हुतं, मला अर्धंमुर्धं ठाऊक हुतं, आन् हा माणूस नुसता न वाकता बसला हुता.

मी परत फिरलो. अण्णांच्या समोर जमिनीवर चाक ठेवलं आन् त्या चाकावर मांडी घालून बसलो.

"तुमच्याखातर बी न्हाय," मी म्हटलं. ह्या वेळी आवाज कुणाचा हुता मला ठाऊक न्हाय, पण बायका हसल्या न्हाईत.

अण्णा खरे संतापले ते तवा. पहिल्यांदा न उघडणं ही नोकराची मस्ती हुती, ती ते समजू शकत हुते. पण ते बसल्यावर बी न उघडणं म्हंजे मी त्यांना भित्रा ठरवलं, नायतर येडा ठरवलं. त्यांनी मला कानडीत शिव्या दिल्या, सगळ्या कळल्या, कारण नक्कल करायला मी त्या आधीच पाठ केलत्या.   दोघं समोरासमोर. आई मधी शेंगा निवडत. तिनं एकदा दोघांकडं बघून म्हणलं, दोन रेडे नांगराला जुंपल्यात पण रान कुणाचं ते ठाऊक न्हाय.

वाफेला वाट मिळंना. बॉयलरचा वरचा भार-व्हॉल्व आपोआप उघडून फुसफुसाय लागला, छपरातनं पांढरा लोट जायचा. दुपार झाली. बायकांनी भाकरीची फडकी सोडली. आईनं अर्धी भाकरी, झुणका आन् लसणीची चटणी पानावर घालून अण्णांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मागितली नव्हती, पानाला हात लावला न्हाय. जैन माणूस, लसूण खात न्हाईत, हे तिला ठाऊक हुतं. मग तिनं चटणी काढून घेतली. झुणक्यात कांदा, म्हणून तो बी काढला. उरली नुसती भाकरी. अण्णांनी ती खाल्ली.

खाऊन झाल्यावर त्यांनी मला इचारलं, हळू, बायकांना ऐकू जाऊ नये असं.

"खरंच फुटंल ती?"

"मला ठाऊक न्हाय, अण्णा," मी म्हटलं. "आज फुटंल का पुढच्या दिवाळीला फुटंल, ते आप्पांना बी ठाऊक न्हाय. पण फुटंल ती सांगून फुटणार न्हाय."

अण्णांनी ह्यावर हौदल्लो म्हटलं न्हाय.  मग उठले, खुर्ची स्वतःच उचलली, जाळवाल्याला म्हणले जाळ बाहेर ओढ, भट्टी इझव. चिंचेखाली जाऊन आप्पांशी बोलले, काय ते मला ऐकू आलं न्हाय. परत येऊन मला म्हणले, उद्यापासनं तू येऊ नको. चाक दे.

मी म्हटलं, पोलाद आलं की चाक येतंय. आन् चाक काखेत मारून घरी गेलो.

तीन आठवडे चाक आमच्या घरी हुतं. आई लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवायची. दिवाणजी दोनदा चाक मागायला आले, चहा पिऊन गेले. दुसऱ्यांदा जाताना म्हणले, तुझं म्हणणं बरोबर असंल रं, पण मालकाला खुर्चीत बसवणं बरोबर न्हवं. मी म्हटलं, मी बसवलं न्हाय, मी उठवलं. त्यावर ते चष्मा पुसत गेले.

परवाना कधी आला न्हाय. आप्पाच बेळगावला गेले. तिथं एका लेथवाल्याकडं जुन्या जाड पोलादी पत्र्याचे तुकडे पडलेले, त्यातनं त्यांनी चकत्या कापून, घासून, भोकं पाडून घेतल्या. मोटारीतनं, मग टांग्यातनं आणताना मांडीवर घेऊन बसले म्हणे, लेकरागत. गिरणीच्या दारात टांगा थांबला तसं आप्पांनी मला निरोप पाठवला, पाना घेऊन ये, चाक बी आण.

अण्णा कचेरीच्या दारात उभे. मला बघितलं आन् दुसरीकडं बघितलं. आप्पा म्हणले, मालक, आवळायला हाच पाहिजे, माझ्या मनगटात आता जोर न्हाय. अण्णा म्हणले, आजच्या दिसापुरता. मी एक चकती हातोडीनं वाजवून बघितली, ठण्ण. मग सांधा बांधला. समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून, थोडं थोडं, म्हंजे चकती वाकडी बसत न्हाय. बिडाच्या चकत्या आप्पांनी कोपऱ्यात टाकल्या. अण्णा अजून म्हणतात, त्या फुटल्याच नसत्या. असंल बी. न फुटलेल्या चकतीचा पुरावा माझ्याकडं न्हाय, आन् तो मिळवायची मला हौस बी नव्हती.

दुसऱ्या सकाळी वाफ सोडली. मीच सोडली, एक एक वेढा, नळी कुरकुरत तापत गेली. आई खाली बसलेली, तिनं मान बी वर केली न्हाय. सांधा कोरडा राहिला. अण्णा म्हणले, झालं, आता जा.

आप्पांनी नाकात चिमूट कोंबली. म्हणले, मालक, पहिल्यांदा तापून गार झालं की बोल्ट ढिले पडतात, परत आवळाय लागतात. उद्या येऊ दे त्याला. उद्या आवळलं. आप्पा म्हणले, अजून एकदा तापू दे, पॅकिंग बसलं न्हाय. परवा आवळलं. मग अमावस्येला बॉयलर धुवायला गार केला, परत पेटवला, परत आवळलं. अण्णा दर वेळी दारात येऊन इचारायचे, हा अजून गेला न्हाय? आन् आप्पा दर वेळी म्हणायचे, तापतंय, गार होतंय, ढिलं पडतंय, मी काय करू.

लढाई संपली तरी मी आवळतोयच. मला कामावरनं काढलंय, हे अण्णा प्रत्येक पावण्याला सांगतात, माझ्याकडं बोट दाखवून. मी पाना घेऊन वर चढलेला असतो. खालनं आई म्हणती, पाना सांभाळ, माझ्या डोस्क्यावर पाडशील.